मॅरेथॉनची तयारी आणि दुखरा पाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती गेले की आमच्या पहाटेच्या ग्रुपवर दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनचं वेळापत्रक आणि दुसरी, "ताई, पाय दुखतोय, काय करू?" मी डॉक्टर नाही, फिजिओही नाही. दादरला राहते, अंधेरीला नोकरी करते, शिवाजी पार्कला धावते. आजवर चार पूर्ण मॅरेथॉन झाल्या आणि तीन दुखापती, त्यातल्या एकीने पाचवी मॅरेथॉन खाल्ली. तीच तीच उत्तरं टाइप करून आता अंगठाही दुखायला लागलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

पाय दुखतोय. आज धावू की नको?

आधी दुखण्याला शून्य ते दहामध्ये मार्क द्या. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे बोंब. दुखणं तीनच्या आत आहे, धावताना वाढत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त नाही, असं असेल तर सपाटीवर, सावकाश, नेहमीपेक्षा कमी धावायला हरकत नाही. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच सगळे विसरतात. अंग गरम असताना स्नायू गोड बोलतात, खरं काय ते दुसऱ्या दिवशी सकाळी सांगतात. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. दूध आणायला उतरताना कठड्याला हात लावावा लागला, की माझं त्या दिवशीचं धावणं रद्द.

चाल बदलली असेल तर मात्र मार्कांची भानगडच नको. लंगडत धावायचं नाही. उजवी टाच वाचवता वाचवता डाव्या खुब्याचं दुखणं ओढवून घेतलेले दोघे तर आमच्याच ग्रुपमध्ये आहेत.

डॉक्टरकडे कधी जायचं? की आपोआप बरं होईल?

बरंच काही आपोआप बरं होतं. पण दुखणं अंगावर काढायची आपल्याला जी सवय आहे, ती हाडाच्या बाबतीत फार महाग पडते. माझंच सांगते.

नोव्हेंबरात, २६ किलोमीटरच्या एका लाँग रननंतर डाव्या पायाची नडगी दुखायला लागली. "नडगी भरून आलीय" म्हणत मी दोन आठवडे ढकलले. नडगी भरून येणं, म्हणजे शिन स्प्लिंट्स, हे नवख्यांचं नेहमीचं दुखणं. ते हाडाच्या आतल्या कडेने चांगलं वीतभर पसरलेलं असतं आणि अंग गरम झालं की बऱ्याचदा जरा कमी होतं. माझं तसं नव्हतं. बोटाच्या एका पेराखाली झाकलं जाईल एवढ्याच जागी ते दुखत होतं, आणि धावेन तसं वाढत होतं. मग चालतानाही दुखू लागलं. मग रात्री, पाय नुसता उशीवर ठेवलेला असतानाही. एकदा लोकलमध्ये कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीचा कोपरा नेमका त्याच जागी लागला आणि सगळ्या लेडीज डब्यासमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एक्स-रे काढला. स्वच्छ आला. "हाड छान आहे, धावा" असं ऐकून मी खूश झाले आणि आणखी दहा दिवस धावले. हाडाला गेलेली बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे एमआरआय झाला, आठ आठवडे धावणं बंद, आणि जानेवारी गेला.

म्हणून सांगते, एकाच बिंदूवर दुखत असेल, त्या पायावर एक उडी मारली की कळ येत असेल, किंवा रात्री ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. जांघेत किंवा खुब्यात खोल दुखत असेल तर अजिबात वेळ काढू नका. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर गेली आणि त्यावर धावत राहिलं, तर हाड पुरतं मोडून ऑपरेशनची वेळ येऊ शकते. टाचेच्या वर मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून 'फट्' आवाज आला, तर तेही त्याच दिवशीचं काम. एकच पोटरी सुजली, गरम लागतेय, दाबली की दुखते, तर ते स्नायूचंच असेल असं धरून चालू नका. रक्ताची गुठळी असू शकते.

आणि बायकांसाठी एक गोष्ट, जी ग्रुपवर कुणी विचारत नाही, मला वेगळा मेसेज येतो. धावणं वाढल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली, तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणू नका. धावण्याच्या मानाने पोटात कमी जातंय, याची ती खूण असू शकते, आणि त्याची किंमत हाडं मोजतात. मला एमआरआयनंतर पहिला प्रश्न हाच विचारला गेला. दुसरा प्रश्न ड जीवनसत्त्वाचा. आपण पहाटे अंधारात धावतो आणि दिवसभर ट्यूबलाइटखाली बसतो, तेव्हा ते कमी निघालं तर नवल नाही.

मी किलोमीटर तर बेताबेतानेच वाढवले होते. मग दुखलं कशाने?

आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो म्हणतात. धावणाऱ्याचं दुखणं येतंसुद्धा मुंगीच्याच पावलाने, म्हणून लक्षात येत नाही.

आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. वाईट नाही तो. पण तुमचा पाय घड्याळातले किलोमीटर मोजत नाही, दिवसभराचा भार मोजतो. रविवारी पहाटे २४ किलोमीटर धावून सोमवारी सकाळी दादर ते अंधेरी उभ्याने जाणारी बाई आणि तेवढंच धावून दुपारभर लोळणारा माणूस, यांचे २४ सारखे नसतात. पुलाचे जिने दिवसातून चारदा. मध्येच नवरात्रात तीन रात्री गरबा. गणपतीत पाहुण्यांसाठी ओट्याशी उभं राहून तळलेले मोदक. घरात कुणी आजारी असेल तर झोप पाच तासांची. यातलं काहीच घड्याळात दिसत नाही, आणि मग आपण म्हणतो, "अचानक दुखायला लागलं."

मुंबईचं आणखी एक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने निम्म्या रन बुडतात. सप्टेंबरात सगळ्यांना जाग येते आणि बुडालेलं भरून काढायची घाई सुटते. लगेच ऑक्टोबरचा उन्हाळा, घामाने जीव जातो, तरी पेस, म्हणजे वेग, तोच हवा. आमच्या ग्रुपमधल्या दुखापतींना मोसम असेल तर तो हाच, दसरा ते दिवाळी.

मी काय करते ते सांगते. वहीत रोज धावण्याची मिनिटं लिहायची आणि मेहनतीला एक ते दहा मार्क द्यायचे, मग दोन्हींचा गुणाकार. तासभर आरामात धावले, मेहनत चार, म्हणजे २४०. पाऊण तास जोरात, मेहनत आठ, म्हणजे ३६०. कमी वेळ धावूनही भार जास्त, हे कागदावर दिसतं. शेजारी दोनच खुणा करायच्या, 'उभी' आणि 'झोप'. गाडीत दोन्ही वेळा उभ्याने प्रवास झाला किंवा झोप सहा तासांच्या खाली गेली, की दुसऱ्या दिवशीची जोरातली रन मी हळू करते. दोन्ही झालं तर करतच नाही. शास्त्र म्हणून नाही सांगत. पण वही सुरू केल्यापासून नवीन दुखणं आलेलं नाही, आणि याला आता तीन हिवाळे झाले.

एक लाँग रन एकदम फार लांबवणंही टाळा. महिनाभरात १६ च्या वर गेला नाहीत आणि मित्राच्या नादाने मरीन ड्राइव्हला २५ करून आलात, तर त्या आठवड्याची बेरीज कितीही नेटकी असो, पायाला तो धक्काच.

सातव्या किलोमीटरला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. दर वेळी तिथेच. का?

जवळजवळ नक्कीच आयटी बँड. खुब्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत बाहेरून जाणारा हा जाड पट्टा. ठरावीक अंतरानंतर दुखणं सुरू होणं आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखणं, ही त्याची ओळख. ही माझी पहिली दुखापत. दादरच्या पुलावरून मी एकेक पायरी आडवी उतरत होते आणि मागून आवाज आला, "ताई, सरका, गाडी लागलीय." गाडी लागल्याचं मलाही दिसत होतं, पण पाय ऐकत नव्हता.

कारण सापडलं ते मजेशीर होतं. शिवाजी पार्कच्या कट्ट्याची एक फेरी जवळजवळ बाराशे मीटरची. मी रोज आठ-दहा फेऱ्या मारत होते आणि वर्षानुवर्षं एकाच दिशेने, कारण सगळे त्याच दिशेने जातात. रस्त्याचंही तसंच. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता दोन्ही कडांना उतरता असतो, आणि कायम एकाच कडेने धावलं की एक पाय सतत खालच्या पातळीवर पडतो. दिशा बदला. लोक समोरून येतील, बघतील, बघू दे.

पट्टा ताणत बसण्यापेक्षा खुब्याच्या बाजूचे स्नायू बळकट करणं जास्त कामाचं. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, आणि पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळूच जमिनीला टेकवून परत वर येणं. दुसऱ्या व्यायामात गुडघा आत वळतोय का ते आरशात बघा, माझा बराच वळत होता. सोबत पावलं थोडी लहान करा. मिनिटाला पडणारी पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. १६० पडत असतील तर १७० बघा. एकदम १८० चा हट्ट नको.

मॅरेथॉनच्या वाटेवरच्या पेडर रोडच्या चढाला सगळे घाबरतात. आयटी बँडवाल्याने त्याच्या उताराला घाबरावं.

सकाळी पलंगावरून उतरलं की टाचेत काटा घुसल्यासारखं होतं.

प्लांटर फॅसायटिस. तळव्याखालचा जाड पडदा टाचेजवळ दुखावतो. पहिली काही पावलं वाईट, मग कमी होतं, मग बराच वेळ बसून उठलं की पुन्हा.

आपल्याकडे याला एक घरगुती कारण आहे आणि ते म्हणजे लादी. आपण घरात अनवाणी वावरतो, ओट्याशी अनवाणी उभे राहतो, तेही तासन्‌तास. फिजिओने मला घरात मऊ चपला घालायला सांगितल्या. सासूबाईंना ते मुळीच रुचलं नाही. शेवटी घरातल्यासाठी वेगळी, बाहेर न नेलेली जोडी आणि देवघराच्या उंबऱ्याशी ती काढायची, यावर तह झाला.

व्यायाम असा. पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, म्हणजे बोटं वर वाकलेली राहतात. टाचा तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. तळव्याखाली गोठवलेली पाण्याची बाटली फिरवून बरं वाटतं, ऑफिसात टेबलाखाली मी महिनाभर तेच केलं, फक्त बाटली वितळून शेजारच्या बाईंच्या पर्सखाली तळं साचलं होतं. पण बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. हे दुखणं महिने घेतं, आठवडे नव्हे.

दुखणं टाचेखाली नसून मागे, पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड शिरेत असेल, तर ते अकिलीसचं. तिथे टाच हळूहळू खाली सोडण्याचा व्यायाम चालतो. १५ चे तीन संच, गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. अगदी टाचेच्या हाडापाशीच दुखत असेल, तर टाच पायरीच्या पातळीखाली नेऊ नका.

बर्फ की शेक? आणि मालिश?

आराम, बर्फ, पट्टी, पाय उंच, हे सूत्र १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी मांडलं आणि पुढे त्यांनीच बर्फाबद्दलचं आपलं म्हणणं बदललं. दुखणं तात्पुरतं कमी करायला दहा-पंधरा मिनिटं बर्फ चालेल, फडक्यात गुंडाळून. जुन्या आखडलेल्या स्नायूला शेक बरा वाटतो. ताज्या लचकलेल्या, सुजलेल्या जागी मात्र पहिले दोन-तीन दिवस जोरात मालिश नको. हाडाची शंका असेल तर 'एका झटक्यात बसवून देतो' म्हणणाऱ्या कुणाकडेही जाऊ नका, ते तुमच्या आजोबांच्या ओळखीचे असले तरी.

पेनकिलर घेऊन लाँग रन करू का?

नको. दुखणं ही पायाची एकमेव भाषा आहे, तिचाच आवाज बंद करून २० किलोमीटर जाऊन काय मिळणार? त्यात आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आणि मुंबईच्या घामाने सुकलेलं शरीर, हा किडनीवर आणि पोटावर नको तेवढा ताण असतो. रेसच्या दिवशीही नको.

धावणं बंद म्हणजे सगळी मेहनत पाण्यात?

पाण्यातच, पण चांगल्या अर्थाने. दहा-बारा दिवस बंद राहिलं तर फारसं काही जात नाही. त्यानंतर दम हळूहळू उतरायला लागतो. तो टिकवायला खोल पाण्यात धावणं सगळ्यात उत्तम. कमरेला तरंगणारा पट्टा बांधायचा, पाय तळाला टेकू द्यायचे नाहीत आणि रस्त्यावर धावता तसंच हात-पाय हलवायचे. काही आठवडे दम जवळजवळ तसाच राहतो. कंटाळा मात्र महाभयंकर. मी तीन मिनिटं जोरात, एक मिनिट हळू, असे दहा तुकडे करायचे. तरण तलावावरच्या जीवरक्षकाने चौथ्या दिवशी न राहवून विचारलं, "मॅडम, पोहायला शिकवू का? एवढ्या धडपडता पण जागेवरच आहात." एक सूचना, स्ट्रेस फ्रॅक्चर असेल तर पाण्यात उतरायलाही डॉक्टरांची परवानगी घ्या.

सायकल चालत असेल तर तीही. आयटी बँडला ती कधीकधी खुपते.

परत सुरुवात कशी करायची?

आधी या तीन गोष्टी विनातक्रार जमल्या पाहिजेत. पाऊण तास झपझप चालणं, एका पायावर वीस वेळा टाच उचलणं, आणि त्याच पायावर दहा छोट्या उड्या. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. एक दिवस सोडून. सकाळचा जिना ठीक असेल तर पुढच्या वेळी दोन मिनिटं धावणं, एक चालणं. सलग अर्धा तास जमला की मगच अंतर वाढवा, आणि वेग त्याच्याही नंतर.

बुडालेल्या रन भरून काढायच्या नाहीत. वेळापत्रकात आजच्या तारखेला काय लिहिलंय ते बघूही नका. ते वेळापत्रक एका न दुखावलेल्या माणसासाठी होतं.

बूट बदलू का?

५०० ते ८०० किलोमीटर झाले असतील तर बदला. तेवढे झाले नसतील तर दुखणं बहुतेक बुटाचं नाही. पावसात भिजलेल्या बुटात वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात नको.

जानेवारीला आठ आठवडे उरलेत. धावू शकेन का?

हे माझं मत, गणित नव्हे. दोन आठवडे बुडाले असतील तर निर्धास्त राहा. चार बुडाले तर धावा, पण वेळेचं लक्ष्य सोडा, आणि पहिल्या किलोमीटरपासूनच मध्येमध्ये चालायचं ठरवून जा, नाइलाज म्हणून नव्हे. सहाहून जास्त बुडाले आणि शेवटच्या तीन आठवड्यांआधी २५ किलोमीटरचीही रन विनादुखणं झाली नाही, तर सोडा. सीएसएमटीच्या स्टार्ट लाइनवर सगळे पाय बरे वाटतात. ३२ किलोमीटरनंतर खरं कळतं, आणि तिथून व्हीटी, म्हणजे तेच सीएसएमटी, फार लांब असतं.

कुणी "माझा हाफचा बिब घे" म्हणालं, म्हणजे हाफ मॅरेथॉनचा स्वतःच्या नावचा छातीवरचा नंबर देऊ केला, तर नको म्हणा. तुम्ही रस्त्यात कोसळलात तर वैद्यकीय मदत करणाऱ्यांच्या हाती दुसऱ्याचंच नाव आणि दुसऱ्याच्याच घरचा फोन नंबर असेल.

घरचे म्हणतात, "चोर मागे लागलाय का? कशाला धावायचं एवढं?"

याचं उत्तर अजून कुणालाच सापडलेलं नाही. माझ्या आईला मी मेडल दाखवलं तर ती म्हणाली, "भरीव आहे का?"

बिब घेतला, पैसे भरले, आता धावणार नाही. त्या रविवारी करू काय?

मीही हेच विचारलं होतं. घरी बसून फोनवर लोकांचे टायमिंग बघू नका, फार वाईट जातो तो दिवस. रस्ते बंद असतात, तेव्हा गाडी काढू नका, लोकलने ग्रँट रोडला उतरा आणि चालत केम्प्स कॉर्नरवरून पेडर रोड गाठा. सोबत संत्री घ्या, घरूनच सोलून, फोडी वेगळ्या करून, वर किंचित मीठ. चढ संपतो तिथे उभ्या राहू नका, तिथे गर्दी असते आणि लोकांना एव्हाना शेवट दिसायला लागलेला असतो. निम्म्या चढावर उभ्या राहा, जिथे धावणारे चालायला लागतात. फोडी तळहातावर ठेवून हात लांब करा, बोटांत धरू नका, धावणाऱ्याला उचलता येत नाहीत. मी चार डझन नेली होती, साडेनऊलाच संपली. सहा डझन न्या.